काच बघण्यासाठी नाही, काचेतून बघण्यासाठी



आपल्या चर्चमधल्या स्क्रीनवरून गेले दोन महिने चर्चा चालू आहे. काहींना ती काढून टाकावी असे वाटते, काहींना आणखी मोठी हवी आहे. रविवारच्या मराठी मिस्साला लॅपटॉपपाशी मीच बसतो, त्यामुळे माझेही मत मांडायला हवे. पण त्याआधी तुम्हाला थोडा वेळ विमानात घेऊन जातो. तिथे हाच प्रश्न फार आधी उभा राहिला होता.

धुक्यात विमान उतरवताना वैमानिकाला बाहेर काहीच दिसत नाही. तो समोरच्या फळीवरची उपकरणे पाहत खाली येतो. नेहमीच्या उपकरण-पद्धतीत साधारण 200 फुटांवर, म्हणजे सुमारे 60 मीटर उंचीवर, निर्णयाची वेळ येते. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचे, नाहीतर पुन्हा वर जायचे. विमान मिनिटाला 700 फुटांच्या आसपास खाली येत असते, म्हणजे जमीन जेमतेम सतरा सेकंदांवर असते. तेवढ्यात मान वर करायची, जवळच्या आकड्यांवरून नजर लांबच्या दिव्यांवर आणायची आणि आपण सरळ आहोत की तिरके हे ओळखायचे. एवढ्या घाईत डोळ्यांचा गोंधळ उडू शकतो.

यावर उपाय म्हणून हेड-अप डिस्प्ले आला. ही कल्पना मूळची लढाऊ विमानांतली. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर एक पारदर्शक काच असते आणि तिच्यावर उंची, वेग, दिशा अशा खुणा हिरव्या प्रकाशात उमटतात. त्या खुणा काचेवर असूनही डोळ्यांना फार लांबच्या वाटतात, कारण भिंगांची रचनाच तशी केलेली असते. त्यामुळे आकडे आणि धावपट्टी एकाच नजरेत स्पष्ट दिसतात. मान खाली घालावी लागत नाही, नजर जवळून लांब न्यावी लागत नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अलास्का एअरलाइन्सने आपल्या बोइंग 727 विमानांत ही काच वापरायला सुरुवात केली आणि दाट धुक्यातही वैमानिक स्वतःच्या हातांनी विमान उतरवू लागले. आज बोइंग 787 मध्ये दोन्ही वैमानिकांसमोर अशी काच असते.

आपण स्क्रीन लावली तीही याच कारणासाठी. गीतांच्या पुस्तकात मान खाली जायची. म्हाताऱ्या माणसांना बारीक अक्षर दिसायचे नाही. इंग्रजी शाळेत जाणारी मुले पान शोधेपर्यंत कडवे संपायचे. स्क्रीन आली आणि माना वर झाल्या, आवाज वाढला. म्हणून ती काढा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण या काचेची दुसरी बाजूही आहे. 1980 मध्ये अमेरिकेतल्या नासाच्या एम्स संशोधन केंद्राने एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रवासी विमानांच्या अनुभवी वैमानिकांना जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये ही काच वापरून विमान उतरवायला सांगितले होते. एका वेळी, त्यांना न सांगता, धावपट्टीवर दुसरे विमान आडवे आणले गेले. काही वैमानिकांना ते दिसलेच नाही! काचेवरच्या खुणा अचूक जुळत होत्या, उंची बरोबर, वेग बरोबर, आणि ते सरळ त्या विमानाच्या दिशेने उतरत राहिले. विमान त्यांच्या डोळ्यांसमोर होते, काचेच्या पलीकडे, अगदी खुणांच्या मागेच. डोळे तिथे होते, पण लक्ष काचेवर थांबले होते.

हे वाचले तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. काही आठवड्यांपूर्वी कम्युनियनच्या गीताच्या वेळी पुढच्या बाकावरच्या एका मावशींना चक्कर आली. त्या दिवशीची मिस्सा त्यांच्या यजमानांच्या महिन्याची होती. त्या हळूहळू खाली बसल्या, मागच्या दोन बायकांनी त्यांना सावरले, कोणीतरी पाणी आणले. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होतो आणि मला काहीही दिसले नाही. माझे कडवे वेळेवर बदलत होते, शुद्धलेखन बरोबर होते, एकही स्लाइड चुकली नाही. मिस्सानंतर मी खुशीत होतो की आज सगळे व्यवस्थित झाले. घरी जाताना एका मुलाने विचारले, "अंकल, त्या आजी बऱ्या आहेत ना?" मी उलट त्यालाच विचारले, "कोणत्या आजी?"

मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. डावीकडची माणसे प्रभूला विचारतात की तू भुकेला, आजारी, परका असताना आम्ही तुला पाहिले तरी केव्हा. मला वाटायचे, हे लोक सबबी सांगत आहेत. आता वाटते, ते खरे बोलत असतील. त्यांनी पाहिलेच नसेल. कदाचित त्यांच्या प्रार्थना वेळेवर होत असतील, उपवास मोजून होत असतील, सगळ्या खुणा जुळत असतील. आणि प्रभू त्या खुणांच्या अगदी मागे, वाटेवर आडवा पडलेला असेल.

म्हणून माझे मत असे आहे की प्रश्न स्क्रीन असावी की नसावी हा नाही, तिची जागा कोणती आणि तिचा उजेड किती हा आहे. वैमानिकाच्या काचेवरच्या खुणांचे तेज कमी करता येते, नको असलेल्या खुणा बटणाने पुसता येतात. आपणही तेच करू या. स्क्रीन बाजूच्या भिंतीवरून हलवून वेदीजवळ आणावी, म्हणजे वाचण्यासाठी वेदीकडे पाठ फिरवावी लागणार नाही. फादर भाकर आणि प्याला उंचावतात तेव्हा आणि कम्युनियननंतरच्या शांततेत ती पूर्ण काळी असावी. तिथे पुढच्या आठवड्याच्या सहलीची जाहिरात नको. आणि लॅपटॉपवर बसणाऱ्याने, म्हणजे मी, प्रत्येक कडवे बदलल्यावर मान वर करून बाकांकडे एकदा पाहावे. स्लाइडला अर्धा क्षण उशीर झाला तर झाला. गीत तोंडपाठ असणारे पुढे गातीलच.

हे फक्त स्क्रीनपुरते नाही. आपल्या रोझरीचे मणी, नऊ दिवसांच्या नोव्हेना, कौन्सिलच्या सभा, हा माझा ब्लॉगसुद्धा, या सगळ्या काचाच आहेत. त्या चांगल्या आहेत, धुक्यात त्यांच्याशिवाय आपण वाट चुकू. पण त्या काचेतून देव आणि शेजारी दिसत नसतील, तर आपण फक्त हिरव्या खुणा जुळवत बसलो आहोत. त्या काचेवर एक छोटे वर्तुळ असते. विमानाचे नाक कुठे आहे हे ते दाखवत नाही, विमान खरोखर कुठे चालले आहे ते दाखवते. आडव्या वाऱ्यात या दोन गोष्टी वेगळ्या असतात. मिस्साला आपल्या सगळ्यांचे तोंड वेदीकडे असते. आपण चाललो कुठे आहोत, हे मात्र बाकावरच्या शेजाऱ्याला विचारावे लागेल.

संत पौल करिंथकरांना लिहितो की आता आपल्याला आरशात पाहिल्यासारखे अंधुक दिसते, पुढे समोरासमोर दिसेल. त्या दिवशी ना स्क्रीन लागेल ना पुस्तक. तोपर्यंत काच स्वच्छ ठेवू या, आणि नजर तिच्यापलीकडे.

मी त्या मावशींना घरी जाऊन भेटलो. चहा झाला, यजमानांचे फोटो पाहिले. निघताना त्या म्हणाल्या, "तुझी अक्षरं मात्र मोठी ठेव हं, मला वाचता येतात." ठेवतो, मावशी. आणि तुमच्याकडेही बघतो.

हे प्रभू, आम्ही ज्यातून तुला पाहतो त्यालाच पाहत बसू नये, एवढी जाग आम्हाला दे. आमेन.