परतीचे दोर

‘परतीचे दोर कापले’ असे आपण येता-जाता बोलतो. पण विहिरीच्या पोहऱ्यापलीकडे ज्याने कधी दोर हाताळला नाही, त्याला त्या शब्दांतली धग कळायची नाही. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडला, मावळ्यांचा धीर सुटला, तेव्हा सूर्याजीने दोर कापल्याचे सांगून त्यांना माघारी फिरवले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. यशवंती घोरपड खरी की खोटी, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. आपल्याला कामाचा आहे तो दोर.

आमची भाची गेल्या हिवाळ्यात सांदण दरी उतरून आली. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ काळ्या कातळाला पडलेली ही भेग. दोन्ही अंगांना शेकडो फूट उभे कडे, मधे जेमतेम वाट, आणि माथ्यावर आकाशाची एक पट्टी. चुनखडीच्या मेघालयात पाण्याने दगड विरघळून खोल विवरे होतात. आपला दख्खनचा कातळ तसा विरघळत नाही. तेव्हा दोरावरून काळोखात उतरण्याची हौस असलेल्या मराठी माणसाला सांदण बरी!

पण सोलापूरच्या सपाट मुलखात सराव करायचा कुठे? मुलांनी एक जाणता शिक्षक गाठला आणि गावाबाहेरच्या कोरड्या विहिरीवर चार रविवार काढले.

‘‘दोर तुटला तर गं?’’ बहिणीने विचारले.

‘‘दोर सहसा तुटत नाही, आई. माणसं चुकतात. गाठ अर्धवट राहते, कडीचा चाप उघडा राहतो, नाहीतर ओढणी आणि वेणी उतरायच्या कडीत अडकते.’’

बहीण काही बोलली नाही. निघायच्या दिवशी मात्र तिने लेकीचा अंबाडा स्वतःच्या हाताने घट्ट बांधून दिला.

सांदणीत पहिल्या कड्यावरून सगळे उतरले, की खालून दोराचे एक टोक ओढतात. दोर सळसळत खाली येतो, कारण पुढच्या कड्यालाही तोच लागतो. मागे चढून जाण्याची सोय तिथेच संपते. ‘‘मामा, त्या आवाजानं पोटात गोळाच आला,’’ भाची सांगत होती. पण पुढच्या कड्यावर तिच्या आधी उतरू लागलेल्या मुलाच्या कडीचा चाप तिला उघडा दिसला आणि ती ओरडली, ‘‘थांब!’’ स्वतःआधी शेजाऱ्याची कडी तपासायची, हा विहिरीवरचा धडा तिथे एका घरचा दिवा राखून गेला.

सूर्याजीने दोर कापले ते खचलेल्यांना धीर यावा म्हणून. या मुलांना तो धीर घरूनच बांधून न्यावा लागतो. दरीत तो मिळत नाही. म्हणून उद्या आपल्या घरातले कोणी असा हट्ट धरून बसले, तर ‘‘हे कशाला?’’ असे विचारू नका. ‘‘शिकवणार कोण, आणि सराव किती झाला?’’ एवढेच विचारा. उत्तर नीट मिळाले तर खुशाल परवानगी द्या. नाही मिळाले तर विहिरीवर आणखी चार रविवार!