गोळीआधी गाठ शोधा

मंडळी, गणेशोत्सव संपला की दुसऱ्या दिवशी निम्म्या स्वयंसेवकांना उसण भरलेली असते. खुर्च्या, सतरंज्या, प्रसादाची पातेली! यंदा माझा खांदा धरला आणि पाच घरांतून पाच तऱ्हेच्या गोळ्या पुढे आल्या. भारतातून येताना आपण लोणच्याबरोबर वेदनाशामक गोळ्या आणतो आणि तितक्याच मोकळ्या हाताने वाटतो.

मीही वाटल्या आहेत. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या या माणसाने एका काकांना डायक्लोफिनॅक दिली आणि ते रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात का, हे नंतर विचारले. घेत होते! सुदैवाने काही झाले नाही. पण ही दोन औषधे एकत्र आली आणि त्यात मस्कतच्या उन्हाने अंगातले पाणी कमी झालेले असले, तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

म्हणून माझे मत असे की, साध्या अंगदुखीला आधी बोटे वापरावीत. गोळी नंतर, आणि तीही डॉक्टरांना विचारून. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर असलेल्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्यासह १९८३ साली स्नायूंतल्या अशा दुखऱ्या गाठींवर, म्हणजे ‘ट्रिगर पॉइंट’वर, मोठा ग्रंथ लिहिला. गंमत म्हणजे दुखते एकीकडे आणि गाठ असते दुसरीकडे. माझा खांदा पुढून ठणकत होता, गाठ सापडली मागे, खांद्याच्या पसरट हाडावर. मानेलगतच्या गाठीने कानशील दुखते; आपण मात्र कपाळाला बाम चोळत बसतो. (बाममधल्या मेंथॉलने त्वचेला गार वाटते, गाठ तिथेच राहते.)

भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरावा. दुखरी जागा सापडली की सोसेल इतकाच दाब अर्धा-एक मिनिट द्यावा, मग स्नायू हलकेच ताणावा. मणक्यावर दाबू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. ही गाठ नेमकी काय असते यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे आणि आराम पुष्कळदा तात्पुरताच मिळतो, हेही सांगायला हवे. मला दोन दिवसांत हात वर नेता आला.

मात्र छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असे काही असेल, तर चेंडू शोधू नका, ९९९९ फिरवा.

मंडळाच्या सामानातला गोळ्यांचा डबा काढून टाकावा, असे मी समितीला सुचवले आहे. त्या जागी चार चेंडू मी देतो. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे.