इंग्रजांचें ‘जपानी’ काम

सतराव्या शतकांत चिनी रोगणाच्या काळ्याभोर कपाटांनीं इंग्रज श्रीमंतांस वेड लाविलें. तें रोगण म्हणजे एका झाडाचा चीक, आणि तें झाड इंग्लंडांत होत नसे. तेव्हां तेथील कारागिरांनीं मद्यार्कांत लाख विरघळवून लांकडावर थरावर थर दिले, घोटून चकाकी आणिली व वर सोनेरी पक्षी रेखिले. नांव मात्र पडलें ‘जपानी’ काम!

कित्येक लोक या सामानास नकली म्हणून हिणवितात. आम्हांस तें पटत नाहीं. स्टॉकर व पार्कर यांनीं १६८८ सालीं ही सारी कृति ऑक्सफर्ड येथें ग्रंथरूपानें छापिली. फसवावयाचें असतें तर ती गुप्त ठेविली असती. शिवाय लाख मुख्यतः हिंदुस्थानांतूनच जाई, पळस-बोरींवरील किड्यांनीं केलेली. अशा कपाटास केवळ चिनी कपाटाची नक्कल कसें म्हणावें?