व्यासंग : आसक्ती आणि शिस्त

विद्वत्तेची प्रशंसा करताना मराठी माणसाच्या ओठांवर जो शब्द सहज येतो तो ‘व्यासंग’. पांडित्य हा शब्द माणसाने काय मिळविले ते सांगतो; तो कशाला चिकटून राहिला हे व्यासंग या शब्दातून कळते. ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे या धातूपासून आलेल्या या शब्दात आसक्ती मुळातच आहे. संस्कृतात त्याला आणखीही एक अर्थछटा आहे : चित्त हातच्या कामावरून दुसरीकडे गुंतणे. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासात विसाव्या शतकात जी मोलाची कामे झाली, त्यांतील काहींचा इतिहास पाहिला तर हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात.

विद्यापीठीय व्यवहारात मात्र आसक्तीकडे संशयाने पाहण्याची रूढी पडली आहे. संशोधकाने तटस्थ असावे आणि उत्कटता कलावंताकडे सोपवावी, अशी एक सोयीस्कर वाटणी गृहीत धरली जाते. प्रबंधाच्या प्रस्तावनेत विषयाचे महत्त्व, पूर्वसंशोधनाचा आढावा आणि अभ्यासपद्धती यांना जागा असते. हाच विषय अभ्यासकाला का सोडवेना, या प्रश्नाला ती नसते. ही वाटणी वस्तुस्थितीला धरून आहे काय, हे तपासले पाहिजे.

विष्णू सीताराम सुकथनकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. केंब्रिजला त्यांनी गणिताचे शिक्षण घेतले. तेथून त्यांचे चित्त संस्कृतकडे वळले आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली ते भाषाशास्त्राच्या काटेकोर शिस्तीत तयार झाले. १९२५ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादकत्व त्यांनी स्वीकारले. आदिपर्व पूर्ण व्हायला १९३३ साल उजाडले. १९४३ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच कामात होते. निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहणे, पाठभेद नोंदविणे आणि प्रक्षेप वेगळे काढणे, असे ते काम. वरवर पाहणाऱ्यास ते नीरस वाटेल. परंतु याच संपादकाने आयुष्याच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने जी व्याख्याने सिद्ध केली, त्यांचा विषय पाठभेद हा नव्हता, महाभारताचा अर्थ हा होता. ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अक्षरन् अक्षर पारखणाऱ्या त्या वर्षांच्या मुळाशी कोणती ओढ होती, हे त्या व्याख्यानांवरून उमगते.

चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पूर्ण झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले आणि १९६८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. बर्लिनला त्यांनी मानवी कवटीच्या असमिततेवर प्रबंध लिहिला होता. डेक्कन कॉलेजमध्ये त्या अध्यापन आणि संशोधन करीत. भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. ‘युगान्त’साठी त्यांनी आधार घेतला तो भांडारकर संस्थेच्या संशोधित संहितेचा. उत्तरकालीन भर बाजूला सारलेली संहिता हाती होती, म्हणूनच त्यांना कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे देवत्वाचे आवरण दूर करून पाहता आले. आणि लेखिकेची कल्पनाशक्ती जागी होती, म्हणून ही माणसे वाचकाला दिसली. एका पिढीच्या पाठचिकित्सेतून दुसऱ्या पिढीची साहित्यकृती उभी राहिली. येथे संशोधन कोठे संपले आणि कला कोठे सुरू झाली, याची सीमारेषा आखू पाहणाऱ्याची मोठी पंचाईत होईल.

आसक्तीमुळे निर्णयाचा तोल जातो, हा आक्षेप तथापि निराधार नाही. त्याचा विचार करण्यास दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल. हेही मूळचे गणिती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते; तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांच्या वजनांवरून इतिहास वाचण्यासाठी त्यांनी संख्याशास्त्र वापरले; आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची हस्तलिखिते ताडून १९४८ साली त्यांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. भर्तृहरीच्या वैराग्याविषयी त्यांनी स्वतः कठोर टीका केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे आसक्ती आणि भक्ती या एकच गोष्ट नव्हेत, हे ध्यानी येते. ज्याच्याशी भांडण आहे, त्यालाही माणूस वर्षानुवर्षे चिकटून राहू शकतो.

पुढे वि. वि. गोखले यांच्या सहकार्याने त्यांनी विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादिला. १९५७ साली तो हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला. संस्कृत दरबारी काव्याकडे वर्गीय दृष्टीने पाहणारी कोसंबींची प्रस्तावना त्या मालेचे संपादक डॅनियल इंगल्स यांना मान्य नव्हती. १९६५ साली इंगल्स यांनी त्या कोशाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा या काव्याची बाजू घेऊन त्यांनी आपला मतभेद मांडला. परंतु अनुवादासाठी ज्या संहितेवर त्यांनी भिस्त ठेवली, ती कोसंबी-गोखले यांनीच सिद्ध केलेली होती. मत अमान्य करणाऱ्यालाही ज्याचे काम विश्वासाने वापरता येते, त्याच्या उत्कटतेने शास्त्राची हानी झाली, असे म्हणता येणार नाही. मनाचा कल उघड बोलून दाखवावा आणि पुराव्याला मात्र त्याचा स्पर्श होऊ देऊ नये, हीच येथे शिस्त ठरते. याउलट तटस्थतेचा आव आणणाऱ्या लेखनात कल दडून राहतो आणि तो पारखण्याची सोयही वाचकाला उरत नाही.

ही गोष्ट मराठीपुरती मर्यादित नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गुलाममोहम्मद शेख यांनी कलेतिहास आणि चित्रकला हे दोन्ही विषय शिकविले. स्वतः चित्रे काढली. १९७४ साली ‘अथवा’ हा गुजराती काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. शिकागोला द्रविड भाषांचे अध्यापन करणारे अ. क. रामानुजन कन्नड आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत कविता लिहीत, आणि प्राचीन तमिळ कवितेचे त्यांचे अनुवाद त्यांच्या पांडित्याइतकेच त्यांच्या कवित्वाचेही ऋणी आहेत.

म्हणूनच आजच्या विद्यापीठीय मोजमापाचा प्रश्न केवळ प्रशासकीय राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाची कामगिरी गुणांत मोजण्याची रीत घालून दिली. २०१८ साली तिच्यात बदल झाले. मोजदाद असू नये, असे कोणी म्हणणार नाही. आळसाला आणि वशिल्याला तिने काहीसा पायबंद बसतो. परंतु आठ वर्षे एका पर्वाला देणारा संपादक दरवर्षीच्या तक्त्यात काय भरणार? गणिताच्या प्राध्यापकाने भर्तृहरीला दिलेला काळ कोणत्या रकान्यात पडणार? ज्या अभ्यासकाला आपले चित्त अन्यत्र गुंतल्याची चोरी वाटू लागते, तो हळूहळू रकान्यांना मानवेल असाच विषय निवडू लागतो. त्यातून होणारे नुकसान कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही. कारण जी कामे झालीच नाहीत, त्यांची मोजणी कोण करणार?

आसक्ती निर्माण करणे कोणत्याही विद्यापीठाला शक्य नाही. तिला अवधी देणे, शिस्तीची जोड देणे आणि ती आपल्या विषयाचे कुंपण ओलांडू लागली असता आडवे न येणे, एवढे मात्र त्याला करता येते. ‘व्यासंगी’ हे विशेषण मराठीत आजही आदराने उच्चारले जाते. त्या आदराला शोभेल इतकी मोकळीक व्यासंगाला मिळावी, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.