लपवायचं काय, असं विचारणाऱ्यांना

‘आमच्याकडं लपवण्यासारखं आहेच काय? दाबा ॲक्सेप्ट आणि चला पुढं.’ रेणापूरच्या ई-सेवा केंद्रापुढच्या रांगेतला माणूस असं म्हणतो, लातुरात नीटची तयारी करणारी पोरंही हेच म्हणतात.

म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. सोयाबीनचा भाव बघायला आलेल्यानं अर्धा पडदा अडवणारी कुकीची इंग्रजी पाटी वाचत बसायचं का? शिवाय कुकी हा काही विषाणू नव्हे. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की संकेतस्थळ माणसाला विसरत असे, म्हणून 1994 साली नेटस्केपच्या लू माँटुलीनं ती काढली. संकेतस्थळानं ब्राउझरमध्ये ठेवलेली फार तर चार किलोबाइटची नोंद, पण तिच्यावरच लॉग-इन टिकतं. तेव्हा ‘सगळ्याच कुकी बंद करा’ म्हणणारे शहाणेही मला मान्य नाहीत. त्यांनी आधी रेंज नसलेल्या गावात पुन्हा पुन्हा ओटीपीची वाट बघून दाखवावी.

खोट आहे ती त्रयस्थाच्या, म्हणजे थर्ड-पार्टी कुकीत. भावाच्या पानावर एखाद्या जाहिरात कंपनीचा तुकडा असतो आणि तो आपली वेगळी कुकी ठेवून जातो. तीच कंपनी बियाण्यांच्या, कर्जाच्या, दवाखान्याच्या पानावरही बसलेली असते. सुट्या नोंदींत काही नसतं. त्या जोडल्या की या माणसाला पैशाची निकड आहे हे कळतं. समोरच्याला आपली निकड कळली की सौद्यात काय होतं, हे आडतीवर माल घालणाऱ्याला मी काय सांगावं!

सेवा केंद्रातला धोका आणखी जवळचा. संगणक एक, माणसं अनेक. लॉग-आउट न करता उठलात तर लॉग-इनची कुकी तशीच राहते आणि पुढच्याला तुमचा अर्ज, बँक खात्यासकट, उघडा मिळू शकतो.

‘पण संमती लोकच देतात ना?’ हा कंपन्यांचा आवडता युक्तिवाद. होकाराचं बटण ठळक, नकार मात्र दोन-तीन पडद्यांआड. ही कसली संमती? नेमक्या याच कारणावरून फ्रान्सच्या नियामकानं 2021च्या अखेरीस गुगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड केला. आपल्या 2023च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात कुकीचं नाव नाही, पण संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं आणि सूचना मराठीतही वाचता यायला हवी, असं त्यात आहे. नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले; ही कलमं लागू व्हायला त्यापुढं अठरा महिने.

तोवर हातात आहे ते करावं. फोनवरच्या क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, थर्ड-पार्टी कुकीज: तिथं ब्लॉक करा. लॉग-इन शाबूत राहतं, क्वचित एखादं पान अडतं. सफारी 2020पासून हे आपणहून करते. क्रोममध्येही तसंच करण्याचा गुगलनं त्याच वर्षी दिलेला शब्द 2024मध्ये मागे घेतला. दुसऱ्याच्या संगणकावर इनकॉग्निटो खिडकी उघडावी आणि काम झालं की बंद करावी, म्हणजे लॉग-इनची कुकी मागं राहत नाही. ॲपवाल्यांना कुकीची गरज नसते; ते फोनच्या जाहिरात आयडीवरून माग काढतात. तो अँड्रॉइडच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन पुसावा लागतो.

आणि सगळा भार वापरणाऱ्यावरच का? केंद्रचालकानं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी इनकॉग्निटो खिडकी द्यावी. मराठी संकेतस्थळांनी ‘स्वीकारा’च्या शेजारी तेवढंच मोठं ‘नाकारा’ ठेवावं. त्यासाठी 2027ची वाट बघायला कुणी सांगितलंय?