विरोध कोणाला? माणसांना की नियोजनाला?

गेल्या चवथीला मुलुंडहून अणशीला आलेल्या आमच्या पाहुण्यांच्या तोंडी एकच विषय होता. "धारावीतली माणसे आमच्या दारात आणून बसवणार. आम्ही गप्प बसायचे काय?" ओटीवरच्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. आम्हाला मात्र तसे करता आले नाही. का, ते येथे मांडतो.

आधी वस्तुस्थिती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने धारावी पुनर्विकासासाठी मिठागरांची २५५.९ एकर जमीन देण्याचा निर्णय घेतला. ही जमीन कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील आहे. त्याआधी मुंबई महापालिकेने प्रकल्पबाधितांसाठी मुलुंड पूर्वेला ७,४३९ घरांची योजना आखली होती. दोन्ही वेळा रहिवासी रस्त्यावर उतरले. कुर्ल्याच्या नेहरूनगरातही २०२४ साली मदर डेअरीच्या जागेवरून आंदोलन झाले.

या विरोधात तथ्य आहे, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. मिठागरे पावसाचे पाणी सामावून घेतात, ती बुजवली तर ते पाणी कोणाच्या तरी घरात शिरणारच. लोकल गाड्या आजच ओसंडून वाहतात. पाणी, मलनिस्सारण, शाळा, दवाखाना यांची सोय न करता हजारो कुटुंबे एका जागी आणणे हे नियोजन नव्हे. हे प्रश्न विचारणे नागरिकांचे कर्तव्यच आहे.

परंतु आमच्या ओटीवर पाण्याच्या नळांची चर्चा झालीच नाही. चर्चा झाली ती 'फुकट्यां'ची आणि 'तसल्या लोकां'ची.

बँकेत कारकुनी करणाऱ्या आम्हाला 'फुकट' या शब्दाचे हसू येते. पंतप्रधान आवास योजनेत गृहकर्जाच्या व्याजावर २.६७ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत होते. त्याचे अर्ज आमच्या टेबलावरून गेले, आणि त्यांत नोकरदार मध्यमवर्गीय घरेही होती. ते अनुदान घेताना कोणाला लाज वाटली नाही, वाटायचे कारणही नव्हते. उलट धारावीत १ जानेवारी २००० नंतर आणि १ जानेवारी २०११ पूर्वी तळमजल्यावर राहायला आलेल्यांना धारावीबाहेर ३०० चौरस फुटांचे घर मिळणार, ते अडीच लाख रुपये भरून. मग फुकटे कोण? शिवाय मुलुंडची म्हाडा कॉलनी, विक्रोळीचे कन्नमवार नगर आणि कुर्ल्याचे नेहरूनगर या वसाहती सरकारनेच उभारल्या. आपली कितीतरी मराठी कुटुंबे तेथेच स्थिरावली.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्येच एका मराठी महिलेला केवळ ती मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. तेव्हा सारा महाराष्ट्र पेटून उठला, आम्हीही संतापलो. 'तुम्ही आमच्यातले नाही' हे वाक्य आपल्याला लागले. तेच वाक्य आपण दुसऱ्याला कसे ऐकवणार?

आणि अणशीकरांनी तरी हे विसरू नये. काळी नदीवर सुपा धरण झाले आणि आपले जुने तालुक्याचे ठिकाण, सुपा गाव, पाण्याखाली गेले. लोक रामनगरला गेले. १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली व्याघ्र प्रकल्प आला. जंगल सोडणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये देऊ केले जातात. ते पैसे घेऊन निघालेले आपले कुटुंब कोठे जाणार? कोणत्या तरी शहराच्या कडेलाच. तेथल्या लोकांनी 'ही जंगलातली माणसे आमच्या शेजारी नकोत' म्हटले, तर आपल्याला काय वाटेल?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घर दिले म्हणजे पुनर्वसन झाले असे नाही. मुंबईत जलवाहिनीलगतची कुटुंबे रासायनिक कारखान्यांच्या शेजारी माहुलला नेऊन टाकली. तेथली हवा इतकी वाईट ठरली की २०१९ साली उच्च न्यायालयाला त्यांना महिना १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश द्यावा लागला. म्हणजे ढिसाळ नियोजनाचा पहिला बळी येणारा माणूसच असतो. मुलुंडकर आणि धारावीकर यांचे भांडण नाहीच. दोघांचा प्रश्न एकच आहे.

म्हणून मुंबईतील आमच्या सभासद बांधवांना विनंती आहे. मोर्चे जरूर काढा. मिठागरे वाचवा. आधी पाणी, गटारे, शाळा आणि रेल्वेची सोय, मगच घरे, असा लेखी आग्रह धरा. धारावीकरांना शक्यतो धारावीतच घरे द्या, ही त्यांचीही मागणी आहे, ती त्यांच्या बरोबरीने करा. पण फलकावर माणसांविरुद्ध एक अक्षरही लिहू नका.

उठवले जाण्याचे दुःख आपल्या तालुक्याने भोगले आहे. निदान आपल्या तोंडून तरी 'ते नकोत' हे शब्द निघू नयेत.