कपॅसिटर बदलला की पाठ बदलला?

जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘मूळ’ या शब्दाला जे मोल आले आहे, त्याविषयी आम्हांला थोडे वेगळे म्हणायचे आहे. उदाहरण साहित्याबाहेरचे घेतो: फेंडर या अमेरिकी कंपनीचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. आपल्याकडच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचाच हा भाऊबंद. 1965 साली सीबीएसने ही कंपनी विकत घेतली. त्या सुमाराच्या, काळ्या दर्शनी पट्टीच्या अ‍ॅम्प्लिफायरांना संग्राहक आज मोठी किंमत देतात, आणि ‘आतले काहीही बदललेले नाही’ एवढ्या एका वाक्याने ती आणखी चढते.

पण आत असते काय? वीजपुरवठा सुरळीत करणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काही दशकांत सुकतात. आधी घरघर ऐकू येते. पुढे एखादा शॉर्ट झाला तर ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो, आणि जपायचा असतो तो खरे तर ट्रान्सफॉर्मरच. त्या काळची वायर दोन पिनांची, अर्थिंग नाही. शिवाय मेन्सची एक बाजू धातूच्या सांगाड्याला जोडणारा एक लहानसा कपॅसिटर असतो. तंत्रज्ञ त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात, कारण तो बिघडला तर वीज थेट वादकाच्या बोटांखालच्या तारांत उतरते. ही संहिता ‘अस्पर्श’ ठेवण्यात कसली निष्ठा?

एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तशी नोंदही करून ठेवली. आमच्या मते दुरुस्ती आणि भेसळ यांतला फरक तेवढाच आहे: नोंद. (सरसकट सगळे बदलणारा कारागीर मात्र जुने शब्द ‘सोपे’ करणाऱ्या संपादकाइतकाच घातक. आवाजाच्या मार्गातले सुटे भाग, स्पीकरचा कागदी कोन, बाहेरचे आवरण यांना कारणाशिवाय हात लावू नये.)

म्हणून विकणाऱ्याने दुरुस्ती लपवू नये, आणि भीतीपोटी टाळूही नये. वायर तीन पिनांची करावी, सुकलेले कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्यावेत. यंत्र बंद केल्यावरही त्यांत चारशे व्होल्टपर्यंत दाब साठून राहू शकतो, तेव्हा हे हौशी माणसाचे काम नव्हे. काय बदलले, केव्हा बदलले, हे कागदावर लिहावे. काढलेले भाग पिशवीत घालून, त्या कागदासह गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत. किंमत थोडी उतरली तर उतरू द्यावी.